शेऱ्याचा रकाना

मंगळ. ७ जाने.

कोपरीच्या जाधवबाईंचा सकाळी सकाळी फोन. जय भीम झालं आणि लगेच, "काकू, आमचे हे दुसऱ्याला बोलू देत नाहीत असं तुम्ही लिहिलंय म्हणे?" हाताला कणीक तशीच. खरंच लिहिलंय. त्यांच्या मुलाच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात: "मुलगा गुणी. वडील दुसऱ्याला बोलू देत नाहीत." शब्द न् शब्द. विहारात वंदना झाल्यावर बायका त्यावरून हसत होत्या म्हणे.

काहीतरी थातुरमातुर बोलून फोन ठेवला. तो रकाना मी कुणालाच दाखवत नाही. ह्यांनासुद्धा नाही. आठ वर्षं घरातून वधूवर परिचय केंद्र चालवतेय, सव्वातीनशे मुलामुलींची माहिती त्या एका कॉम्प्युटरात. कोण कसं ते लक्षात राहावं म्हणून शेरा. शाळेच्या ऑफिसात जन्म गेला, शेरा लिहिल्याशिवाय ओळ पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

म्हणजे कुणीतरी कॉम्प्युटरात शिरलंय. आणि जाधवांचं नेलं तर बाकीचं काय ठेवलं असेल?

बुध. ८

ह्यांना सांगितलं. एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते, त्यामुळे कशावरही उपाय एकच, मेन बंद करा. "नेटची वायर काढून टाक." वायर काढली तर रविवारची यादी कशी पाठवू? "पूर्वी वही होती ना?" होती. आणि येणारा प्रत्येक जण ती उलटीपालटी करून वाचायचा, ते विसरले.

सुजाताला फोन केला. बाळकुमला दिल्यापासून लेक ऑफिसातूनच बोलते, तेही कुजबुजत. "आई, अँटीव्हायरस आहे ना तुझ्याकडे?" आहे की. विकतचा. मुदत संपून दीड वर्ष झालं. रोज कोपऱ्यात लाल चौकट येते, मी रोज फुली मारते. हे ऐकून तिने असा श्वास सोडला की मी फोन कानापासून लांब धरला.

म्हणाली, फुकटचे पण चांगले असतात, बघून घे. दुपारभर तेच वाचत बसले. दहा-बारा आहेत. एक म्हणतो मी हलका, एक म्हणतो मी कडक. एकाखाली कुणीतरी लिहिलंय "बेस्ट", त्याच्याच खाली दुसरा, "ह्यानेच माझा पीसी झोपवला." मी लोकांना सांगते, फार चौकशा केल्या की लग्नं होत नाहीत. आज स्वतःची अवस्था तीच.

आणि मुळात फुकट का देतात? "आम्हाला काही नको" म्हणणाऱ्या स्थळाची मी दुप्पट चौकशी करते.

गुरु. ९

निळ्या ढालीचा घेतला. सु.ने बजावलं होतं, कंपनीच्याच साइटवरून घे. तरी पानावर डाउनलोडची तीन हिरवी बटणं, त्यातली दोन जाहिरातींची. मधेच विचारतो, सोबत आमचा ब्राउझर पण टाकू का? खूण आधीच करून ठेवलेली. काढली. चष्मा दोनदा पुसला.

तपासणी अडीच तास. उठवेना. भात करपला, ह्यांनी मुकाट्याने खाल्ला.

अकरा सापडले! सगळे पेन ड्राइव्हमधून आलेले. साहजिक आहे. लोक झेरॉक्सवाल्याकडे बायोडेटा टाइप करून घेतात, फोटो घालून पेन ड्राइव्हवर आणून देतात, आणि मी "द्या इकडे" म्हणत खुपसते. फोल्डरांचे आपोआप शॉर्टकट होत होते, ते ह्यामुळेच. चोर सापडला. अकराही उचलून बाजूला टाकले. जीव जरा भांड्यात पडला.

शुक्र. १०

शीतल आली होती. सत्तावीस वर्षांची, कल्याणला लॅबमध्ये रक्त तपासते. आईला न घेता आली तेव्हाच कळलं, काहीतरी सांगायचंय. ही वही माझ्या साड्यांखाली असते, इथे लिहायला हरकत नाही. तिला लहानपणापासून फिट यायची. गोळी चालू आहे, चार वर्षांत एकदाही आलेली नाही, डॉक्टर म्हणतात लग्नाला काही अडचण नाही.

"काकू, जो कोण असेल त्याला मी स्वतः सांगणार. होकाराच्या आधी, माझ्या तोंडाने. तुम्ही फक्त लक्षात ठेवा, म्हणजे भलत्या घरी पाठवणार नाही मला. लिहू नका हां कुठे."

नाही लिहिणार म्हटलं. एवढी सरळ मुलगी, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कॉम्प्युटर उघडला, तिच्या ओळीपर्यंत गेले, जाधवबाई आठवल्या, बंद केला.

शनि. ११

एकावर भरवसा बसेना. दाराला आपण दोन कड्या लावतोच की. म्हणून पिवळ्या कुलपाचा पण टाकला, तोही फुकट. तासाभरात कॉम्प्युटर असा धापा टाकायला लागला की माउसचा बाण पण हलेना. निळ्याने पिवळ्याला व्हायरस म्हणून धरलेलं आणि पिवळा निळ्याला सोडेना.

सु.: "आई, दोन अँटीव्हायरस एका घरात नांदत नाहीत!"
मी: "दोन सुना नांदतात की."
सु.: "कुठे बघितल्यास?"

पिवळा काढला. मग फायरवॉल. तिने नीट समजावलं. अँटीव्हायरस घरात झाडाझडती घेतो, फायरवॉल दारात उभा राहून आत-बाहेर करणाऱ्यांवर नजर ठेवतो. विंडोजचा स्वतःचा असतोच. माझा बंद निघाला. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर चालेना तेव्हा दुरुस्तीला आलेल्याने बंद केला होता, मी चहा करून दिला होता त्याला. दोन वर्षं दार सताड उघडं! चालू केला. वर विचारून सोडणारा एक फुकटचा पण घातला. तो सारखा विचारतो, अमुक प्रोग्राम बाहेर जाऊ मागतोय, अलाव की ब्लॉक? नावं एकाचीही ओळखीची नाहीत. चौदा वेळा अलाव दाबलं. दारात आलेल्याला नाही म्हणायची सवयच नाही आपल्याला.

"मग पहारेकरी ठेवलास कशाला?" सु. ओरडली. अर्धा तास फोन धरून एकेक नाव तपासलं.

रवि. १२

सकाळी पुन्हा तपासणी. शून्य. फायरवॉल हिरवा. किती दिवसांनी चहा गरम प्यायले.

आता भीती नाही म्हणून शीतलचा शेरा घालून टाकला. माहीत आहे, नाही म्हटलं होतं. पण सव्वातीनशे लोक, आणि डोकं पूर्वीचं राहिलेलं नाही. गेल्या वर्षी एकाने सांगितलेला घटस्फोट मी साफ विसरले आणि चहापोह्यांच्या बशा हातात असताना ते निघालं. तिचं तसं व्हायला नको. लिहिलं: "फिटचा त्रास होता. गोळी चालू. चार वर्षांत फिट नाही. कुणाला सांगू नये."

नेहमीसारखा रकाना झाकला, अकरा वाजता यादी ग्रुपवर टाकली. एकशेचाळीस घरं. पटापट हात जोडलेले आले.

बुध. १५

कल्याणहून अमोलच्या आईचा फोन. मुलगा बँकेत, शांत, मला पहिल्यापासून आवडलेला. यादीतून शीतल पसंत पडली म्हणतात. शीतलला कळवलं, ती पण हो म्हणाली. मुलांनी आधी बाहेर भेटायचं ठरलं, शनिवारी.

शुक्र. १७

बदलापूरचे एक गृहस्थ फोनवर: "मॅडम, आम्ही उंची पाच-सहा दिली, तुम्ही पाच-चार असावी असं लिहिलंत?"

हे मी गेल्या शनिवारी लिहिलंय. सगळी साफसफाई झाल्यावर! म्हणजे चोर अजून आतच आहे. आणि शीतलचं मी रविवारी लिहिलं.

फायरवॉलमध्ये दिसेल ते ब्लॉक केलं. प्रिंटर गेला, मेल गेली, घड्याळसुद्धा चुकीची वेळ दाखवायला लागलं. हे म्हणाले, "मी वायर काढ म्हणत होतो." चिडले त्यांच्यावर. मग रडले. त्यांनी काही न विचारता दुकानातून दूध आणून चहा केला.

शनि. १८

शीतलचा मेसेज: "काकू, भेटलो. बरा वाटला. अजून सांगितलं नाही, पहिल्या भेटीत नको वाटलं. पुढच्या भेटीत नक्की."

पाच वेळा वाचला. अंगठा पाठवला.

रवि. १९

यादी पाठवली नाही. कॉम्प्युटर बिघडलाय असं कळवलं. सुजाता सुट्टी म्हणून बाळकुमहून आली. तासभर सगळं उलटंपालटं करून बघितलं.

"आई, काही नाहीये ह्यात. साफ आहे."
"मग शेरे जातात कुठून?"
"तू रविवारी पाठवतेस ती फाइल दाखव."

दाखवली. महिनाभरापासून एक्सेलच पाठवते. पूर्वी पीडीएफ असायची, पण लोक म्हणायला लागले, काकू, एक्सेल द्या, म्हणजे शिक्षणानुसार, वयानुसार लावून बघता येतं. म्हटलं द्यावी, कशाला अडवा. शेऱ्याचा रकाना झाकून पाठवते. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवलं होतं, हाइड म्हणून.

सु.ने दोन बाजूचे रकाने निवडले, काहीतरी दाबलं, आणि माझे सगळे शेरे समोर उभे. "हे कुणालाही जमतं आई. काही मोबाइलांत तर झाकलेलं आपोआप दिसतं."

कुणी चोरलं नाही. मी पाठवलं. चार रविवार, माझ्या हाताने, वर "सर्वांना मंगल कामना" लिहून. शेवटच्या यादीत शीतल. त्यात "कुणाला सांगू नये" हे पण गेलं, एकशेचाळीस घरांत.

सु. पाठीवर हात फिरवत होती. मला ते पण सहन होईना.

सोम. २०

ग्रुपवरून सगळ्यांसाठी पुसायची मुदत उलटून गेली. आता काय करायचं, ह्याचाच दिवसभर विचार. "कृपया जुन्या यादीतला झाकलेला रकाना वाचू नये" असं लिहिलं तर ज्यांना पत्ता नाही तेही उघडून बघतील. आपली माणसं मला ठाऊक आहेत, मी पण बघितलं असतं. नाही लिहिलं तर ज्यांनी वाचलंय ते वाचतच राहतील. तीनदा मेसेज टाइप केला, तीनदा खोडला. शेवटी "यादीत चुका आहेत, जुन्या सर्व याद्या काढून टाका, नवीन येईल" एवढंच टाकलं. दोघांनी विचारलं, कसल्या चुका?

निळ्या ढालीवाला सकाळीच सांगून गेला, तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे. बंद कर तोंड, म्हटलं मी त्याला. मोठ्याने. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं.

सगळे शेरे काढले. एकेक करून. काही वाचताना लाज वाटली. कुणाच्या आईला खोटारडी म्हटलंय मी, ती बाई दर वेळी माझ्यासाठी चकल्या आणते.

बुध. २२

अमोलच्या आईचा फोन. "काकू, शीतल आम्हाला पसंत आहे. रविवारी तिच्या घरी येतो बोलायला. आमच्याकडे कसलीही लपवाछपवी नसते हां, सगळं मोकळं."

हे सगळेच म्हणतात. दहातले नऊ म्हणतात. पण त्या "हां" वर जरा थांबल्या का? की मलाच वाटलं? वाचलंय आणि तरी पसंत आहे? वाचलंय आणि रविवारी तोंडावर विचारणार? की वाचलंच नाही? विचारायला गेले तर सांगितल्यासारखंच होईल.

ह्यांना अथपासून इतिपर्यंत सांगितलं, पहिल्यांदाच. फिटचं सोडून. हे म्हणाले, "कंपनीत गळती झाली तर आधी शेजारच्या वस्तीला कळवायचं, मग पाइप शोधायचा. तू पंधरा दिवस पाइप शोधतेयस." रागच आला. खरं होतं म्हणून.

शुक्र. २४

संध्याकाळी शीतलच्या लॅबजवळ गेले. घरी नको, आई असते. रसवंतीच्या बाकावर बसलो. सगळं सांगितलं. लिहू नको म्हणाली होतीस, लिहिलं. झाकलं होतं, उघडं गेलं. माफ कर म्हणाले, ते फार छोटं वाटलं.

ती रडेल, ओरडेल, सगळ्याची तयारी करून गेले होते. तिने एवढंच विचारलं, "त्यांनी वाचलंय का?"

"माहीत नाही गं."

रस तसाच राहिला. मग म्हणाली, "उद्या सकाळी अमोलला भेटून सांगणार होते मी. शब्द पण ठरवले होते. आता सांगितलं तर त्याला वाटेल, बाहेर फुटलं म्हणून सांगते."

मी म्हटलं, मी बोलते त्याच्याशी, चूक माझी आहे, तुझं सांगायचं आधीपासून ठरलं होतं असं त्याला...

"नको काकू. तुम्ही आता कुणाला काही सांगू नका."

आवाज चढवला नाही. माझा ग्लास उचलून आत देऊन आली, रिक्षापर्यंत सोडायला पण आली.

उद्या अकरा वाजता भेटतायत. काय झालं ते कळवशील का, असं विचारायचं होतं. विचारलं नाही.