दिलेल्या तिकिटाचा वाटा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पोचलं. पन्नाशीच्या माणसाला बहिणीकडून दरवर्षी लॉटरीचं तिकीट येतं म्हणून शेजारचा न्हावी हसतो. त्याला बहीण नाही, त्यामुळे मी मनावर घेत नाही. तिकीट नेहमीप्रमाणे मोठ्या वहीत चिकटवून टाकलं. हे एकविसावं. खळ ताजी होती, झकास बसलंय. निकाल बघायच्या भानगडीत मी पडत नाही, हे तुला ठाऊकच आहे. लागलं नाही असं कळण्यापेक्षा न कळलेलं बरं.

बाइंडिंगचं काम भरपूर आहे. शाळेच्या ग्रंथालयानं तीनशे पुस्तकं आणून टाकलीत. सुरीनं कडा कापून कापून मनगट बोंबलतं, पण कागद कापायच्या यंत्रापुरते पैसे जवळजवळ जमलेत. सौ. म्हणते, यंत्र आलं की मी घरात फक्त त्याच्याशीच बोलेन.

तुझ्या अक्षराला काय झालं? ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. घाईत होतीस की रागात?

माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
बारक्या

१५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षराचं म्हणशील तर पेन भिकार होतं. रागावले असते तर पत्रच लिहिलं नसतं.

इकडे सगळं ठीक. ब्लाउजांचा ढीग पडलाय. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई भल्या बाई आहेत, सकाळी ड्युटीवर जाताना मला दहा सुया ओवून देऊन जातात. दहा संपल्या की मीही काम बंद करते.

एक सहज विचारते. खळीनं चिकटवलेला कागद न फाटता परत निघतो का? नर्सबाईंशी पैज लागलीये. आणि तू वर्तमानपत्राचं मागचं पान वाचतोस की नाही? माणसानं कधीतरी मागचं पानही वाचावं.

सौ.ला आशीर्वाद. मनगटाला शेक दे.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निघतो. वाफेवर धरायचा आणि हाडाच्या पट्टीनं हळूहळू सोडवायचा. तू म्हणतेस म्हणून मागचं पान वाचलं. कुस्तीत कोण हरलं ते कळलं, आता पुढे काय करू? पैज जिंकलीस तर निम्मं माझं, युक्ती माझी आहे.

ग्रंथालयवाले मानगुटीवर बसलेत, म्हणून पत्र एवढंच.

बारक्या

२३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला सूचक बोललेलं कळत असतं तर तू बाइंडर कशाला झाला असतास? सरळच लिहिते. तुझं तिकीट लागलं आहे. पहिलं नाही, पाचवं बक्षीस, पण ते काही थोडं नाही. पाठवण्याआधी मी नंबर मापांच्या वहीत टिपून ठेवते. निकालाचं कात्रण भिंगाखाली धरून चार वेळा ताडून पाहिलं. महिन्याच्या आत तिकीट दाखवावं लागतं, त्यातले पंधरा दिवस मी वाया घालवले.

का घालवले तेही सांगते. भेट देणाऱ्यानं 'लागलं का रे' विचारणं म्हणजे हात पुढे करणंच. आई म्हणायची, दिलं ते गेलं, वळून बघायचं नाही. मी वळून बघितलं याची मला लाज वाटते. पण गप्प राहिले असते तर तुझं नुकसान झालं असतं. तेव्हा तिकीट सोडव, पैसे घे, यंत्र आण. मला एक पैसाही पाठवायचा नाही. पाठवलास तर पुढच्या वर्षीपासून नुसतं शुभेच्छापत्र मिळेल.

तुझ्या भल्याची वाट बघणारी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिकीट अख्खं निघालं, एक कोपरासुद्धा गेला नाही. काम झालं. त्याचं आता बोलायला नको.

दुसरं बोलू. ओवून दिलेल्या दहा सुया, भिंग, चार वेळा ताडणं आणि एकमेकींवर चढलेल्या ओळी. मला सूचक कळत नाही हे खरं, पण इतकं साठल्यावर बाइंडरलाही कळतं. मी नर्सबाईंना पत्र टाकलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टरांनी सांगून वर्ष झालं, आणि तू 'बघू पुढे' म्हणतेस. आंधळेपणानं शिवत बसलीस आणि भावाला पेन भिकार असल्याचं कळवलंस. मला फार राग आला, ताई, आणि रडूही आलं.

आता ऐक. तिकीट तू दिलंस, ते माझं झालं. त्यातला वाटा मी तुला देत नाही, तू नको म्हणालीस. मी माझ्या पैशांतून तुला वाढदिवसाची भेट देतोय. तुझा वाढदिवस सात महिने लांब आहे, पण मला धीर नाही. दवाखान्यात दोन्ही डोळ्यांचे पैसे भरलेत, तारीख नर्सबाई सांगतील. परत करायचं मनातही आणू नकोस. दिलं ते गेलं, हा आईचा नियम मलाही लागू आहे.

घाबरू नकोस. मी येतोय.

तुझा,
बारक्या

२८ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

ओळी बघ. पट्टी न लावता लिहिल्यात. नर्सबाईंचे केस पांढरे झालेत हे मला परवा कळलं. त्या म्हणाल्या, आधी बऱ्या होतात तुम्ही.

काल कपाट आवरताना मापांची वही निघाली, आत ते कात्रण. सहज ताडून पाहिलं. कात्रणातला शेवटचा इंग्रजी आकडा आठ नाही, तीन आहे. तिनाची दोन्ही तोंडं मला मिटलेली दिसली होती. तुझं तिकीट लागलंच नव्हतं, बारक्या. तिकीट वाफेवर सोडवलंस त्याच दिवशी ते तुला कळलं असणार. तू आलास तेव्हा यंत्राचं नावही काढलं नाहीस. सौ.चं पत्र आलं, त्यात तू अजून सुरीनंच कापतोस असं आहे. नव्या डोळ्यांनी महिनाभर रडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिना भरायला दोन दिवस कमी होते, तेवढे मला काढवले नाहीत.

मी काही विचारणार नाही. भेटीची किंमत विचारू नये. मात्र मी शाळेच्या दीडशे गणवेशांचं काम घेतलंय, आणि तुझा वाढदिवस नऊ महिने लांब आहे, पण धीर मलाही नाही. यंत्र घरी आलं की मुकाट्यानं उतरवून घे.

सोबत बाविसावं तिकीट. खळ लावू नकोस, मी ते या पत्रालाच चार टाक्यांनी शिवलंय. सुईत दोरा मी स्वतः ओवला, एका दमात. नंबर या वेळी नीट वाचलाय. लागलं तर निम्मं माझं. मागायची आता लाज वाटत नाही.

तुझी,
ताई