दाराबाहेरचं स्टूल

४ मार्च, मंगळवार

शिक्का दुकानात आले. गिऱ्हाईक होतं तरी समोरच उभे. आमच्या फ्रीमेसन लॉजचे, म्हणजे बंधुमंडळाचे, सेक्रेटरी. दिसेल त्या कागदावर शिक्का मारतात, वाचतातच असं नाही, म्हणून मागून आम्ही त्यांना शिक्का म्हणतो. तोंडावर 'ब्रदर'. लॉजमध्ये सगळेच ब्रदर.

म्हणाले, "बावीस तारखेला सभा. तुमच्या दादांना श्रद्धांजली आहे. आणि दारावर कोणी नाही. टायलरशिवाय लॉज उघडत नाही, तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हीच उभे राहा."

मी गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी कानामागे वाकवत होतो. जास्त वाकली.

टायलर म्हणजे आमचा दारावरचा पहारेकरी. आधी सह्यांची वही सांभाळायची. सभा सुरू झाली की बंद दाराबाहेर स्टुलावर बसायचं, हातात बोथट तलवार. त्यानंतर कोणी उशिरा आला तर त्याला थांबवायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, त्याने ठरलेली उत्तरं द्यायची, मग दारावर ठोके. सहा वर्षं हे काम दादा करत होता. दादाला जाऊन आज आठ दिवस.

"विचार करून सांगतो," म्हणालो.

"करा. पण अर्ज लागेल. कागदावर."

५ मार्च, बुधवार

शिक्क्यांचा फोन. उचलला नाही.

७ मार्च, शुक्रवार

एकदा लिहून टाकतो. तोंडाने कोणाला सांगणं होणार नाही.

मला लॉजमध्ये दादानेच आणलं. सभेत कमरेला बांधायचा सभासदाचा एप्रन मिळाला त्या दिवशी तेव्हाच्या मास्टरांनी, म्हणजे लॉजच्या प्रमुखांनी, सगळ्यांना सांगतात तेच मलाही सांगितलं — ज्या बंधूशी तुझं वाकडं आहे तो आत असेल, तर हा बांधून आत जाऊ नकोस. आधी दोघं बाहेर जा, मिटवा. मिटत नसेल तर एकाने बाहेर राहावं. दादा माझ्या मागे उभा होता. हळूच म्हणाला, "म्हणजे आपण दोघं एकाच दिवशी आत काही येत नाही." मला हसू आवरेना. मास्टरांनी डोळे वटारले.

मी लहानपणापासून उशिरा येणारा. शाळेला, परीक्षेला, स्वतःच्या लग्नाला. दादा दारात उभा राहून वाट बघायचा आणि आल्यावर टपली मारायचा. घरातली जुनी थट्टा.

आई गेली तेव्हा मी एक तास दहा मिनिटं उशिरा पोचलो. वॉर्डाबाहेर सगळे नातेवाईक उभे होते. दादा म्हणाला, "या. आईच्या मरणालासुद्धा उशीरच."

माझ्या खिशात आईचा नवा चष्मा होता. आदल्या दिवशी म्हणाली होती, अक्षरं पुसट दिसतात रे. तिच्या काचा मी स्वतः घासत बसलो होतो. कारखान्यातून मागवल्या असत्या तर चार दिवस लागले असते. हे मी दादाला सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. मग सांगायचं राहूनच गेलं, आणि नंतर सांगायचं नाही असं ठरलं. कोणी ठरवलं ते माहीत नाही.

त्यानंतर महिनाभरात दादाने आतली खुर्ची सोडली आणि बाहेरचं स्टूल घेतलं. मला अर्थ कळला. एकाने बाहेर राहावं. तो राहिला, आणि दर महिन्याला मला दाखवत राहिला — बघ, तुझ्यापायी बाहेर बसलोय.

तेव्हापासून मी एकदाही उशीर केला नाही. सहाची सभा असेल तर साडेपाचला हजर. उशीर झाला असता तर नियमाप्रमाणे त्याच्याशी बोलावं लागलं असतं, आणि ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. सही करायची, आत जायचं. एकदा माझं पेन चालेना. त्याने स्वतःचं पुढे केलं, माझ्याकडे न बघता. मी सही केली, पेन वहीवर ठेवलं. त्याच्या हातात दिलं नाही.

सभेनंतरच्या जेवणाला थांबायचो नाही. कारण शेवटचा ग्लास टायलर उंचावतो. त्यासाठी त्याला आत बोलावतात. पोटाचं कारण सांगून निघायचो. लॉजमध्ये माझं नाव 'पथ्य' पडलंय.

आता तो नाही. मग भांडण मिटलं म्हणायचं की आता कधीच मिटणार नाही? एप्रन बांधायचा की नाही?

९ मार्च, रविवार

वहिनींकडे गेलो. त्यांनी दादाची लॉजची पिशवी काढून ठेवली होती. एप्रन घडी घातलेला, पांढरे हातमोजे, कडक धुतलेले. म्हणाल्या, "शेजारीण मागे उसवलेला कोट घेऊन आली होती. म्हणे, तुमचे मिस्टर टेलर आहेत ना? यांनी शिवून दिला हो! म्हणाले, बिचारीला कशाला समजावत बसा."

हसलो दोघंही.

मग त्यांनी दादाचा चष्मा पुढे ठेवला. दुसऱ्या दुकानातला. मी सवयीने उजेडात धरला. डाव्या काचेचा मध्य तीन मिलिमीटर बाहेर. असा चष्मा घालून माणसाचं डोकं रोज दुखणार.

"दुखायचंच," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायचे, घरात भाऊ चष्मेवाला असताना लोकांकडे कशाला जाता? तर म्हणायचे, तो बोलवेल तेव्हा जाईन."

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"भाऊजी, दारावर तुम्ही उभे राहणार ना? ते स्टूल दुसऱ्या कोणाला देऊ नका."

बघतो म्हणालो. निघताना चष्मा माझ्या खिशात राहिला.

१२ मार्च, बुधवार

दाढेतलं सिमेंट पडलं होतं म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. लॉजचे सध्याचे मास्टर हेच. दुसरीकडे जायला हवं होतं.

"मोठा उघडा. सेक्रेटरी म्हणतात तुम्ही फोन घेत नाही."

तोंडात कापूस, नळी आणि त्यांची दोन बोटं.

"बोलू नका. नुसतं ऐका. काही अडचण आहे का? म्हणजे... तुम्हा दोघांत काही होतं का? मी सहा वर्षांत तुम्हाला एकमेकांशी बोलताना पाहिलं नाही. आपल्याकडे लोक बघत नाहीत असं वाटतं, पण बघतात हो. हं, जीभ आत घ्या."

छताकडे बघत राहिलो. तिथे पाण्याचा डाग आहे.

"बाहेरून माणूस मागवता येईल. पण श्रद्धांजलीच्या दिवशी परका दारावर, बरं दिसणार नाही. दुखलं का?"

मान हलवली. कुठल्या प्रश्नाला ते त्यांनी विचारलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

हिला सांगितलं. ही म्हणाली, "चाळीस परक्यांना ब्रदर म्हणता. सख्खा भाऊ दाराबाहेर बसलेला, त्याला एक हाक नाही. आणि म्हणे बंधुभाव."

जेवलो नाही नीट.

१५ मार्च, शनिवार

शिक्क्यांनी सरावाला बोलावलं. सकाळी लॉजची इमारत रिकामी असते. जिना चढलो. वर दाराबाहेर ते स्टूल. त्यावर वहिनींनी शिवलेली गादी, मधे खोलगट. पहिल्यांदा बसलो.

समोर जिन्याची खिडकी. सगळ्या काचा धुळकटलेल्या, एकच खालची लख्ख पुसलेली. तिच्यातून रस्त्याचं वळण दिसतं, मी येतो ते. दादा कामाचा पक्का. कोण येतंय ते आधीच दिसायला हवं.

शिक्क्यांनी प्रश्न म्हणून दाखवले. मग ते चार पायऱ्या खाली जाऊन उशिरा आलेले बंधू झाले आणि धापा टाकत वर आले. मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. माझा आवाज फुटत नव्हता.

"मोठ्याने, ब्रदर. उशिरा येणारा आधीच ओशाळलेला असतो. दादा कसे विचारायचे! माणसाला वाटायचं, हे आपलीच वाट बघत होते."

१८ मार्च, मंगळवार

मास्टरांना चिठ्ठी पाठवली. तीन वेळा फाडून चौथी.

लिहिलं — माझं आणि दादाचं सहा वर्षं वाकडं होतं. मिटवलं नाही. तरी मी एप्रन बांधून आत बसत होतो आणि तो बाहेर. खरं तर बाहेर मी राहायला हवं होतं. बावीस तारखेला दारावर उभा राहीन, पण एप्रन बांधणार नाही. नियमात बसत नसेल तर माझं नाव काढून टाका.

आता काय होईल ते होवो. वीस वर्षांचं सभासदत्व आहे. दादाने दिलेलं तेवढंच माझ्याकडे उरलंय.

१९ मार्च, बुधवार

उत्तर नाही.

२० मार्च, गुरुवार

उत्तर नाही. दुकानात एका बाईंना दूरचा नंबर जवळच्या काचेत बसवून दिला. त्या बिचाऱ्या पायरी चुकल्या. परत बोलावून बदलून दिला.

२१ मार्च, शुक्रवार

मास्टरांच्या दवाखान्यातली मुलगी चिठ्ठी घेऊन आली. औषधाच्या कागदावर एकच ओळ. 'साडेपाचला या. दार उघडायचं आहे.'

नियमात बसतं की नाही, त्याबद्दल काही नाही.

२२ मार्च, शनिवार

पाचलाच गेलो. खिडकीची ती काच पुसली.

सगळे आले, सह्या केल्या. माझ्या कमरेकडे प्रत्येकाची नजर गेली. एप्रन नाही. मास्टर शेवटी आले. त्यांनीही बघितलं. म्हणाले, "तलवार उलटी धरलीय, ब्रदर." सरळ केली.

दार लागलं. आत तीन ठोके, बाहेर माझे तीन.

मला वाटायचं, बाहेर सगळं ऐकू येत असेल. काही येत नाही. नुसती गुणगुण. दादाचं नाव घेतलं असावं, कारण मधे अगदी शांत झालं. सहा वर्षं दादाने ही गुणगुण ऐकली. मी रस्त्याच्या वळणाकडे बघत बसलो. दुसरं बघायला काही नाहीच तिथे.

सव्वासहाला जिन्यावर पावलं. वर्षभरापूर्वी सभासद झालेला बस कंडक्टर, अजून गणवेशात. ओशाळलेला. मी उठलो, दारात आडवा उभा राहिलो, विचारलं. आवाज नीट निघाला. त्याने उत्तरं दिली, एक चुकलं, ते पुन्हा दिलं. मग हळूच म्हणाला, "दादा असते तर टपली मारली असती. मला नेहमी मारायचे."

मी दारावर ठोके दिले.

सहा वर्षांनी जेवणाला थांबलो. "पथ्य सुटलं वाटतं," कोणीतरी म्हणालं, आणि वाढायला लागलं. शेवटी मला उभं केलं. टायलरचा ग्लास. दूर असलेल्या, अडचणीत असलेल्या सगळ्या बंधूंसाठी — ते जिथे असतील तिथून सुखरूप आपापल्या घरी येवोत. एवढंच म्हणायचं असतं. ते म्हणालो. आणि मग म्हणालो, "माझ्या दादाशी माझं भांडण होतं. मी मिटवलं नाही. हे तुम्हाला माहीत असावं."

एक चमचा खाली पडला. मास्टर म्हणाले, "माहीत आहे, ब्रदर. बसा. गार होतंय."

बसलो. शेजारच्याने पाणी ओतलं. ताटातलं सगळं संपवलं.

घरी चालत आलो. दादाने बाहेर बसून जे केलं, ते आज माझ्याकडून थोडं फिटलं असं वाटतंय. दोघांचंही बाहेर राहून झालं.

२४ मार्च, सोमवार

शिक्का दुकानात आले. "सभा झाली, पण अर्ज राहिला. कसा लिहायचा त्याचा नमुना आणलाय. दादांचाच आहे, फाइलमध्ये होता," म्हणाले, कागद काउंटरवर ठेवला आणि घाईत गेले.

आई गेल्यानंतर बरोबर तीन आठवड्यांची तारीख. टायलरच्या जागेसाठी अर्ज. खाली 'मंजूर'चा शिक्का. कारणाच्या रकान्यात दादाचं अक्षर —

'धाकटा भाऊ नेहमी उशिरा येतो. उशिरा येणाऱ्याशी टायलरला बोलावंच लागतं.'