हिरीच्या गाण्यात घुसवलेला ‘ल’

मी, कुमारी अनसूया केशव मोकाशी, वय वर्षे सेहेचाळीस, प्राथमिक शिक्षिका, राहणार वलवण, लोणावळा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी पुण्यात माझे पोटाचे ऑपरेशन आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी रागावलेली आहे. हे शेवटचे वाक्य वकिलांनी गाळायला सांगितले होते. ते मी ठेवले, कारण त्याशिवाय पुढील कलमे समजणार नाहीत.

कलम १. माझ्या दोन खोल्या, भांडीकुंडी व शिवणयंत्र माझा भाऊ त्र्यंबक यास मिळावे. मात्र आतल्या खोलीतले लाकडी कपाट त्याचे नाही. दर दिवाळीला तो विचारतो, “अने, तुझ्या त्या हिरीची रद्दी कधी काढणार?” त्र्यंबक, तू त्या कपाटाला हात लावायचा नाहीस. किल्ली माझ्याबरोबर शिकवणाऱ्या लीलाबाईंकडे आहे.

कलम २. कपाटात काय आहे ते सांगते. हिरी ही मळवलीच्या वरच्या डोंगरवाडीतली बाई. गाणी स्वतः रचते, चाल स्वतः लावते, स्वतः गाते. भाताची रोपे उपटून चिखलात लावायच्या कामाला आम्ही मावळात आवणी म्हणतो. तिची बहुतेक गाणी त्या कामातली. १९५२ साली मुंबईच्या एका कंपनीने तिची एकच रेकॉर्ड काढली. कार्ल्याला एका हॉटेलात ती लागली होती: “हात माजा, आवनी माजी, शेत तुज्या नावाचं.” माझी बस निघून गेली. मी हॉटेलवाल्याला ती पुन्हा लावायला सांगितली.

त्या रेकॉर्डच्या नऊ प्रती आहेत, पैकी दोन तडकलेल्या. कंपनीने कधीच बाजारात न आणलेल्या दुसऱ्या रेकॉर्डची नमुन्याची प्रत आहे. तिच्यात मधेच हिरी हसते आणि हसत हसत ओळ पुरी करते. जगात ही एकच प्रत असावी. चावीचा ग्रामोफोन आहे. कात्रणे आहेत, आणि तिच्यासाठी वेड्या झालेल्या आम्हा सहा जणांची एकमेकांना लिहिलेली कार्डे आहेत: कर्जतच्या बाजारात ती गायली म्हणे, कोणाकडे तिसरी रेकॉर्ड आहे म्हणे. तिसरी रेकॉर्ड नव्हतीच. ती शोधण्यात आम्ही दोन वर्षे घालवली आणि त्या वर्षांत मी फार सुखात होते.

शिवाय माझी वही. आवणी करणाऱ्या बायकांकडून ऐकून उतरवलेली हिरीची त्रेपन्न गाणी तिच्यात आहेत.

कलम ३. या सहांपैकी पुण्याचे श्री. गंगाधर बर्वे यांना मी ही वही विश्वासाने वाचायला दिली. त्यांनी मला न विचारता पुस्तक काढले. नाव ठेवले ‘हिरीच्या लावण्या’. जिथे जिथे ‘आवणी’ होते तिथे तिथे ‘लावणी’ केले. प्रस्तावनेत लिहिले की ही गायिका १९५८च्या सुमारास वारली. शेवटच्या पानावर माझे आभार मानले, पत्त्यासकट.

तो पत्ता विचारत गेल्या वर्षी एक बाई दारात आली. पायात चपला नव्हत्या, पदराखाली ते पुस्तक होते.

“तुमीच का वहीवाल्या बाई?”

“हो.”

“मंग मी मेले कवा, तेवडं सांगा.”

मी तिला आत बोलावले. ती उंबऱ्यावरच बसली. तिची मुलगी चिंगी हिचे लग्न कार्ल्यात ठरले होते. मुलाच्या चुलत्याने हे पुस्तक आणून मांडवाच्या आदल्या दिवशी सर्वांसमोर वाचले, मुखपृष्ठावरचे घुंगरू दाखवले, आणि तमाशातल्या बाईची पोर नको म्हणून लग्न मोडले.

“आमी काय चाळ बांदलं न्हाईत, बाई. बांदलं असतं तर सांगितलं असतं. तुमी लिवलं का आसं?”

मी वही काढून दाखवली. तिला वाचता येत नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवला, हे मला अजून सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बर्व्यांच्या घरी गेले.

“अहो, लावणी म्हणजे भातलावणीच की! तुमच्याकडून ल राहिला असं वाटलं. शिक्षिकेची चूक, म्हणून गुपचूप सुधारली.”

“आणि घुंगरू?”

“ते छापखान्यानं घातले.”

“आणि ती वारली, हे?”

“बरेच दिवस काही बातमी नव्हती ना, अनसूयाबाई!”

लावणी गाणाऱ्या बायकांना मी कमी लेखत नाही. पण जे हिरीने गायले नाही ते तिच्या तोंडी घालण्याचा अधिकार ह्या माणसाला कोणी दिला? चूक छापून कबूल करा म्हटले, तर दुसऱ्या आवृत्तीत बघू म्हणाले. म्हणून श्री. बर्वे यांना माझ्याकडून पुढील वस्तू द्यावी: त्यांच्या पुस्तकाची एक प्रत, तांबड्या शाईने तपासलेली. त्यांनी घुसवलेले एकेचाळीस ‘ल’ मी त्यांना परत करते. याखेरीज कपाटातला कागदाचा कपटाही त्यांना दाखवू नये, ते रडले तरी.

कलम ४. लोणावळ्यापुढचे पहिलेच स्टेशन मळवली. सोळा वर्षे मी हिरीच्या बातमीसाठी कर्जतपर्यंत गेले, मुंबईला पत्रे घातली, पण मळवलीला उतरून डोंगर चढले नाही. बातमीत ती माझी होती. समोर आली असती तर तिची तीच झाली असती. हे मी कोणाच्याही सांगण्यावरून लिहिलेले नाही.

कलम ५. कपाट व त्यातील सर्व वस्तू मी हिरीला देणार होते. काल ती, चिंगी व वकील माझ्याकडे बसले होते. वकील म्हणाले, ज्याला मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. नंतर तंटा होतो. हिरीने विचारले, “साक्षीदार म्हंजी?” मी सांगितले, लिहिलेले खरे आहे म्हणून ज्याचे नाव कागदावर राहते तो. वकिलांनी नकारार्थी मान हलवली. साक्ष फक्त माझ्या सहीची, म्हणाले. हिरीने त्यांच्याकडे पाहिलेच नाही.

“मंग मला कपाट नगं. गानी माज्यापाशी हायेत. मला साक्षीला घ्या.”

“हिरीबाई, ती हसण्याची रेकॉर्ड तरी घ्या.”

“ती चिंगीला द्या. तिला आई हसल्याली बघून लय दिस झालं.”

त्याप्रमाणे कपाट चिंगीस द्यावे. ती चौथी शिकली आहे. पोस्टातली माझी शिल्लक वही जशीच्या तशी छापण्यासाठी वापरावी, पण चिंगीने मजकूर वाचून हो म्हटल्यावाचून एक अक्षर छापू नये. व्यवस्था लीलाबाईंनी पाहावी.

हे सर्व मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. तिसऱ्या कलमाला हिरीने मला थांबवून ‘आवनी’ हा शब्द तीनदा म्हणायला लावला. साक्षीदाराचा धंदा लिहायचा असतो, म्हणून वकिलांनी विचारले. मी ‘मोलमजुरी’ लिहू लागले, तेव्हा ती म्हणाली, “तेवडंच लिवता व्हय?”

ठिकाण: वलवण, लोणावळा
तारीख: १२ सप्टेंबर १९६८

(सही) अनसूया केशव मोकाशी

साक्षीदार:
१. (सही) लीलाबाई दामले, धंदा: शिक्षिका, राहणार लोणावळा
२. हिरी भ्रतार शिदू, निशाणी अंगठा, धंदा: मोलमजुरी व गाणी रचणे, राहणार मळवलीची वरची वाडी, हयात