पाचातून एक

३ जून

ती. दादास,
सा. न.

तू पाठवलेले मुलींचे बूट पोचले. थोरलीला बरोबर झाले. पिटुकलीला दोन बोटं मोठे आहेत, पण ती ते पायातून काढायला तयार नाही.

फोनवर आपलं बोलणं नीट होत नाही. तू घाईत असतोस, मी गप्प बसते, आणि मग तुला वाटतं की मी हो म्हणाले. म्हणून लिहिते आहे.

लॅबकडून पत्र आलं, नोकरी पक्की झाली. कवळ्या बनवायचं माझं काम तिकडेही तेच, फक्त मेण आणि भट्टी त्यांची. त्यांच्या दोन लॅब आहेत. एक तुझ्या शहरात आणि दुसरी तिथून बसने तीन तासांवरच्या लहान गावात. मला कुठे राहायचं आहे ते ऑगस्ट संपायच्या आत कळवायचं आहे. तू मला तुझ्याजवळ आणायला बघतो आहेस हे कळतं आणि बरंही वाटतं. पण मागच्या वर्षी तुझ्याकडे पंधरा दिवस राहून यांनी दोन्ही ठिकाणं बघितली होती आणि वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. यांना जाऊन आता आठ महिने झाले. वही मी अजून पूर्ण वाचलेली नाही. रोज एखादं पान वाचते.

तू बघितलेल्या घरापासून शाळा पायी किती लांब आहे ते लिही. मला गाडी चालवता येत नाही. पिटुकलीला शाळेतून आणायचं काम इथे सासूबाई करतात, तिथेही त्याच करतील. आणि आमच्या वतीने तू तिथे राहण्याच्या परवान्याचा जो अर्ज भरतो आहेस त्याची प्रत पाठव. सही करण्याआधी वाचायची आहे.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
छोटी


१२ जून

चि. छोटीस,
अ. आ.

किती प्रश्न विचारशील? अगं, मी इथे वीस वर्षं राहतो आहे, मला काही कळत असेल की नाही?

घर छान आहे. तीन खोल्या, तिसरा मजला, भरपूर उजेड. लिफ्ट नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने बहिणीला बिनलिफ्टचं घर बघितलं म्हणून तुझी वहिनी दोन दिवस हसते आहे. शाळा सात मिनिटांवर. मी स्वतः घड्याळ लावून बघितलं. आमचं घर तिथून चार मिनिटांवर. घरमालकाला मी शब्द देऊन बसलो आहे.

मेहुण्यांच्या वहीचं म्हणशील, तर मी त्यांना गाडीतून सगळीकडे फिरवायला तयार होतो. तळं दाखवणार होतो, संग्रहालय दाखवणार होतो. ते आपले रोज सकाळी पायी निघून जायचे. मोजणी खात्यातला माणूस, सुट्टीतही रस्तेच मोजणार. त्या वहीवरून का कुठे राहायचं ते ठरवायचं?

अर्जाची प्रत सोबत आहे. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. तीन खोल्या तुम्हा तिघींना अगदी पुरतील.

काळजी करू नकोस, मी आहे. दादावर भरवसा असू दे.

तुझा,
दादा


२१ जून

ती. दादास,
सा. न.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली, कारण त्यात जे लिहिलं होतं ते मोठ्या भावाला लिहू नये.

अर्जात “सोबत राहणारी माणसे” असा रकाना आहे. त्यात तू तीन लिहिलं आहेस. मला वाटलं घाईत चुकलं असेल. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्यातही तिघी.

यांच्या वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहिलं आहे, माणसं पाच. पाचातून एक गेला तर चार राहतात. दुसरं कुणाला वजा केलंस, दादा, आणि कुणाला विचारून?

हे गेले त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी मी कामावर गेले. जाऊ शकले, कारण सकाळी आईंनी पिटुकलीचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि तिचा हात धरून निघाल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता. मला त्या दिवशी कुणी तू कशी आहेस असं विचारलं असतं तर मी उठलेच नसते. त्यांनी विचारलं नाही. त्यांचं नाव एका अर्जातून गाळायचं ठरलं, आणि ते मला रकान्यातल्या आकड्यावरून कळलं.

शाळा पायी किती लांब आहे असं मी विचारलं होतं. तुझ्या गाडीची सात मिनिटं हे त्याचं उत्तर नाही.

सही केलेली नाही. अर्ज परत पाठवते आहे. रागावले आहे, पण तुझीच आहे.

छोटी


१ जुलै

चि. छोटीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष नव्हतं. मी असं काय वाईट चिंतलं तुमचं?

एकाहत्तर वर्षांचं माणूस, गुडघे धरलेले, इथली भाषा येत नाही. तीन मजले चढणार कोण? त्यांचा सख्खा पुतण्या तिथे आहे, चांगला आहे, तो बघेल. पिटुकलीला तुझी वहिनी गाडीने आणेल. मेहुणे असते तर गोष्ट वेगळी होती. आता त्या तुझ्या कोण लागतात? हे मी विचारत नाही, उद्या खिडकीमागे बसलेला कारकून विचारेल, आणि तुझ्याजवळ उत्तर नसेल. मग तुमचा तिघींचा अर्जही अडकेल.

आणि एक सांगतो, कधी बोललो नाही. या शहरात मी आलो तेव्हा आपलं म्हणावं असं इथे कुणी नव्हतं. पहिली तीन वर्षं मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून मोठ्याने आपल्या भाषेत बोलायचो, विसरू नये म्हणून. तुझ्यावर ती वेळ येऊ नये एवढ्यासाठी धडपडतो आहे. त्याबदली तू मला गणित शिकवतेस.

शाळा पायी किती लांब ते मला माहीत नाही. इथे कुणी पायी जात नाही. अर्ज पुन्हा पाठवतो आहे. नीट विचार कर आणि मन निवलं की सही कर.

तुझा,
दादा


९ जुलै

आमच्या सूनबाईंच्या दादांस,
स. न. वि. वि.

तुम्हाला माझं पत्र येईल असं वाटलं नसेल. सूनबाईने तुमचं पत्र मला दाखवलं नाही. ती ते टेबलावर विसरून कामावर गेली आणि मी वाचलं. परवानगी न घेता वाचलं हे कबूल.

तुम्ही म्हणता मी इथेच राहायचं. सूनबाई म्हणते मी तिकडे यायचं. पुतण्या येऊन म्हणाला, काकू, माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे. तिघांनी माझी व्यवस्था लावली, मला कुणी विचारलं नाही. हा राग तुम्हा सगळ्यांवर आहे. सूनबाईला जे बोलायचं ते बोलून झालं. ती रडली नाही, नुसती मान खाली घालून कपबशा विसळत राहिली. म्हणजे तिला पटलं आहे.

मी तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं. माप न घेता कात्री चालवणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर उभं करत असे. तुम्ही माझं माप कधी घेतलंत?

सोबत सुतळीचा एक तुकडा आहे. त्याच्या दोन गाठींमधलं अंतर म्हणजे माझं एक पाऊल. तुमच्याकडे निघण्याआधी माझ्या मुलाने मला गच्चीवर चालवून हे माप घेतलं. दीडशे पावलांनंतर मला टेकायला जागा लागते, तेही त्याने बघून ठेवलं. तो तुमच्याकडे येऊन रस्ते मोजत नव्हता. माझी पावलं मोजत होता. त्याच्या वहीतलं लहान गावाचं पान उतरवून पाठवते. तुमच्या शहराची दोन पानं आहेत, त्यांवर नुसती काट मारलेली आहे.

दोन्ही ठिकाणचे रस्ते या सुतळीने चाला आणि मग माझ्याबद्दल जे लिहायचं ते लिहा. यायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

मी सूनबाईची कोण लागते, असं विचारलंत. कागदावर काय लिहितात मला माहीत नाही. संध्याकाळी ती दार ढकलते तेव्हा आत मी असते.

पत्र कडू वाटलं तर वाटू द्या. आपल्या दोन घरांतला लोभ त्याने आटेल असं मला वाटत नाही.

पिटुकलीची आजी


२९ जुलै

ती. आईंस,
शि. सा. न.

तुम्ही दिलेला अभ्यास केला.

पहिल्या रविवारी इथला रस्ता घेतला. सुरुवातीची शंभर पावलं वाकून, सुतळी जमिनीला लावून टाकली. शेजारच्या बाईंनी काय हरवलं म्हणून विचारलं. मग पायाला सवय झाली. दीडशे पावलांवर टेकायला काही नाही, तीनशेवरही नाही. एका उभ्या मोटारीला टेकलो तर ती भोंगा वाजवायला लागली. नऊशे पावलांवर पदपथच संपला. पुढे ट्रकचा रस्ता, आणि ओलांडायला जागा नाही. शाळा त्याच्या पलीकडे, अजून दिसतही नव्हती. वीस वर्षं मी तिथून गाडी नेतो, पदपथ संपतो हे मला ठाऊक नव्हतं. परत फिरलो.

पुढच्या रविवारी बसने त्या गावात गेलो. पानावर लिहिलं आहे, लॅबमागच्या बैठ्या घरांपासून: १४० दुकानाची पायरी, २९० बाक, ४३० टपालघराचा कट्टा, ५८० शाळेचं फाटक. पायरीपाशी माझी एकशे अडतीस भरली. दोन पावलं माझीच चुकली असतील, त्यांची नाही. बाक मात्र बरोबर दोनशे नव्वदला आला. तिथे बराच वेळ बसलो.

मेहुणे संध्याकाळी घरी आले की मी त्यांना रोज चिडवायचो, आज कुठला रस्ता जिंकलात म्हणून. ते हसायचे आणि बूट काढायचे. तळं बघायला आले नाहीत म्हणून मी मनात राग धरला होता, तो ते गेल्यावरही पुरता गेला नव्हता. कशासाठी चालता, हे मी एकदाही विचारलं नाही.

घरमालकाला नाही म्हणून सांगितलं. नवा अर्ज पाठवतो आहे. माणसांचा रकाना कोरा ठेवला आहे. तो तुम्ही भरा. आकडा कुठलाही लिहा, पुढच्या खेपा मी घालीन.

छोटीला सांगा, बसचे तीन तास मला फार वाटतात. ते अजूनही पटलेलं नाही. पण रविवार माझे आहेत.

या लेकरावरचा राग उतरेल तेव्हा उतरो, आशीर्वाद मात्र आत्ताच द्यावा.

आपला,
छोटीचा दादा


७ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र आईंना आलं, त्यामुळे मला वाचायला मिळेपर्यंत थांबावं लागलं. आता आमच्या घरात पत्रं विचारून वाचायची असं ठरलं आहे.

त्या माझ्या कोण लागतात, ही तुझी ओळ मी विसरेन असं नाही. खोटं कशाला लिहू. आणि मीही त्यांना न विचारताच त्यांच्यासाठी भांडत होते, तेही विसरू नये असं त्यांनी बजावलं आहे.

लॅबला लहान गाव कळवलं. वही काल पुरी वाचून झाली.

आईंनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग अर्ज पुढ्यात घेतला, पेन उघडलं, आणि मला विचारलं की त्या बाकाला पाठ आहे का नुसती फळी. मी वही काढून बघितली. यांनी सगळं लिहिलं आहे, तेवढं लिहायचं राहिलं. मी म्हटलं, दादाला विचारते, तो बसला आहे तिथे. त्या बरं म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता रकान्यात चार लिहून मोकळ्या झाल्या.

तरी तू कळव.

तुझी,
छोटी