साडूभाऊंची काजळी

ज्येष्ठ साडूभाऊ यांना सादर प्रणाम.

तुमची पाठ आता कशी आहे? डॉक्टरांनी वाकून काम करायला महिनाभर मनाई केली हे ऐकून वाईट वाटलं. मी म्हणेन, दोन महिने घ्या. इकडे सगळे बरे आहेत. माझा घसा तेवढा थिनरच्या वासाने बसला आहे, म्हणजे त्याचंही कारण तुम्हीच.

तुम्ही सुटे भाग जोडून केलेलं, भेट दिलेलं ते वीतभर लढाऊ विमान आमच्या काचेच्या कपाटात मधल्या फळीवर विराजमान आहे. मधली फळी म्हणजे बसल्या जागेवरून डोळ्यांसमोर येणारी. माझं विमान सगळ्यात खाली, जुन्या डायऱ्यांशेजारी (वाकल्याशिवाय दिसत नाही, आणि वाकतं कोण?). मला याचं वैषम्य नाही. षड्रिपूंपैकी पाच मी कधीच जिंकले. सहाव्याशी, म्हणजे मत्सराशी, तुमच्या कृपेने रोज गाठ पडते, एवढंच. तुमच्या मेहुणीने (म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने) एकदा आपल्या हाताने माझं विमान उचलून मधल्या फळीवर ठेवावं, याहून जास्त मागणं नाही.

विमान आधी नवंकोरं रंगवायचं आणि मग जीव लावून मळवायचं, हा तुमचा छंद मला पूर्वी वेडेपणा वाटे. पण आलेला प्रत्येक पाहुणा तुमच्याच विमानापुढे थांबतो, तेव्हा मीही मळवायला बसलो. पत्र्याच्या सांध्यांत पातळ तपकिरी रंग सोडला, स्पंजच्या तुकड्याने चंदेरी टिपके देऊन रंग उडाल्याचा भास केला, खडूची भुकटी कालवून चाकांना चिखल फासला. एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी सौ.ने ते ओल्या फडक्याने लख्ख पुसलं. म्हणाली, ‘‘केवढी धूळ बसली होती हो.’’ मग वरचं का नाही पुसलंस, असं विचारलं, तर म्हणते, ‘‘ते भाऊजींचं. ते लढून आलंय.’’ साडूभाऊ, दोन्ही विमानं एकाच दुकानातल्या सारख्याच खोक्यांतून निघाली. तुमचा मळ तो पराक्रम आणि माझा मळ ती धूळ, हा भेद कोणत्या शास्त्रात बसतो?

पुन्हा बसलो. या खेपेला सगळा भर इंजिनाच्या धुरावर. धूर सुटतो त्या नळीपासून काजळीचा पट्टा असा ओढला, की काळ्यापासून करड्यापर्यंत विरत जावा. स्वतःवरच खूश होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे मिस्त्रीकाका आले (तीस वर्षं विमानांची इंजिनं खोलून जोडली, आता निवृत्त). त्यांनी चष्मा चढवला, विमान फिरवून पाहिलं आणि फार सहानुभूतीने विचारलं, ‘‘हे मागे मागे उडायचं का?’’ झालं असं, की मी विमानाचं नाक माझ्याकडे धरून ब्रशही माझ्याकडेच ओढला होता. त्यामुळे सगळा धूर शेपटीकडे जायच्या ऐवजी वाऱ्याला न जुमानता नाकावरच्या पंख्याकडे निघाला. डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचं अनुमान करावं, इतपत मला शिकवलं होतं. धुरावरून विमान कुठे चाललंय याचं अनुमान अभ्यासक्रमात नव्हतं. सौ. हसली नाही. ‘‘शिकतायत अजून,’’ म्हणाली. हसली असती तर परवडलं असतं. मिस्त्रीकाका मग दहा मिनिटं मधल्या फळीपुढे उभे होते. चहा निवला त्यांचा.

असो. तुमच्या कौशल्याचा मला अभिमानच आहे. ताईंना नमस्कार.

आपला, (जवळजवळ) निर्मत्सर,
धाकटा साडू

ता.क. १ : ती काजळी नेमकी कशाने करता? रंग, भुकटी की खरीच? सविस्तर लिहा आणि पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. घरी आलं तर तुमच्या मेहुणीच्या हाती पडेल.

ता.क. २ : पाकीट बंद करता करता सौ.ने खांद्यावरून वाचलं. तिच्याकडून कळतं, की माझ्या कॉकपिटच्या काचेवरच्या चौकटी इतक्या रेखीव कशा येतात, हे तुम्ही दोन महिन्यांपूर्वी ताईंमार्फत गुपचूप विचारलं होतंत. मी चढून जाईन म्हणून तिने मला सांगितलं नाही. बरोबरच होतं तिचं. काजळीची कृती आधी येऊ द्या. चौकटींचं मग सवडीने बघू.