मागच्या सालचा हात

बाबा, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं झाली. आज सकाळी न्हाणीघरात स्टुलावर बसून पोटाला मापाची पुठ्ठ्याची पट्टी लावत होते, तेव्हा तुमची आठवण आली. त्या पट्टीवर लहानापासून मोठ्यापर्यंत गोल भोकं असतात, तुम्ही विकायला दोरीत ओवलेल्या बांगड्यांसारखी.

तुम्हाला सांगायला हवं. आतड्यात गाठ होती. ती काढली आणि आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला आणून ठेवलं. मळ आता तिथून येतो, पिशवीत पडतो. कायमचं. ते तोंड लाल, ओलं असतं. हात लावला तरी त्याला काही कळत नाही. चार महिने माझंही तसंच चाललं आहे. रडू येत नाही, रागही येत नाही. राग न येणारी मी तुम्हाला ओळखू आले नसते. वांकिडीच्या बायांनी दारूबंदीच्या सभेत भाषणाला तीनदा बोलावलं, तीनदा मी घसा बसल्याचं कळवलं. खरं कारण असं, की पोट मध्येच आवाज करतं आणि तो आवाज आवरता येत नाही. अंगाची लाज धरू नका असं ज्यांना मी ओरडून सांगितलं, त्याच बायांसमोर तो ऐकू जाईल.

पिशवी बदलायचं काम वहिनी करते. दर चौथ्या दिवशी, चहाच्या आधी, पोट शांत असतं तेव्हा. पिशवी पोटाला चिकटवणारी जुनी चकती वरून खाली हळू सोलायची, कोमट पाण्याने पुसायचं, कातडी कोरडी होऊ द्यायची, नव्या चकतीला भोक कापायचं, तळहातांत ऊब देऊन ती दाबून बसवायची. वहिनीचं तोंड चालूच असतं. "हसा की जरा, ताई. सभा गाजवणाऱ्या तुमी, अन् आता तुमच्यापेक्षा पोटच जास्त बोलून राह्यलं." मी हसत नाही, ती थांबत नाही. तुम्हीही असंच करायचात. बाजारात बांगड्या भरताना, बाईच्या अंगठ्याचं हाड दाबायच्या क्षणी तिला कापूस कसा आहे, सासू कशी आहे, काहीतरी विचारायचात; ती उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटात. बोलणं मी तिथेच शिकले. पुढे त्याच बाजारात, तुम्ही समोर बसलेले असताना, भाषणात बांगड्यांना बेड्या म्हणाले. रात्री जेवताना तुम्ही एवढंच म्हणालात, "बेडी कोणी माप घेऊन घालते का, माय?"

गेले पंधरा दिवस चकती सुटत होती, भोवतीची कातडी सोलवटली होती. दवाखान्यातून निघताना नर्सने तेलुगूत बजावलं होतं, दर वेळी मोजा. मी मान डोलावली आणि पहिल्या चकतीमागचा, भोक कापलेला कागद जपून ठेवला. वहिनी त्यावरूनच भोक कापायची. आज ती माहेरी मुधोळला गेली, म्हणून मी पहिल्यांदा एकटी बसले. आरशात पाहिलं. ऑपरेशनची सूज कधीच उतरली होती. तोंड लहान, भोक मोठं, आणि मधल्या उघड्या कातडीला मळ लागत होता.

मी दहा वर्षांची असेन. दिवाळीच्या आधी एक ओळखीची बाई आली आणि मी हुशारीने तिची मागच्या वर्षीच्या मापाची जोडी काढून दिली. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "मागच्या सालचा हात घेऊन आली का थे? काऊन घाई करतं? हात पाह्य आधी." ती दुखण्यातून उठली होती, हाताच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या. वर्षानुवर्षं तुमच्याकडे येणाऱ्या बाईचाही हात तुम्ही दर खेपेला नव्याने हातात घ्यायचात. मला त्या दिवशी फक्त अपमान कळला होता.

पट्टीतलं बरोबर भोक सापडलं. केसभर मोठं कापलं. चकती दाबून धरली तेव्हा माझा तळहात बराच वेळ पोटावर होता, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. दोन तास झाले, सुटलेली नाही.

तुमची बांगड्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आहे. तिच्यात आता पिशव्या आणि कात्री असते. हे पत्रही खाली तळाशी राहील. मघाशी वांकिडीला फोन करून रविवारी सभेला येते म्हणून सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "घसा बसला व्हता ना तुमचा, ताई? बरा झाला का?"

"झाला," म्हणाले मी.