बॉयलरचा आकडा

सोम. १२ फेब्रु. २००७
शहापूरहून मुरबाडची बस परत उशिरा. कारखान्यात दिवसभर तेच, सह्यांचं सॉफ्टवेअर. प्रत्येकाच्या यूएसबी टोकनमध्ये प्रमाणपत्र, त्यात टिंबाटिंबांचा लांबलचक नंबर. सुरुवातीचा भाग कंपनीचा, शेवटचा आकडा मी ठरवायचा. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं, कुणाची सही कुठे चालणार. लॅब २, बॉयलर ३, स्टोअर ४. साहेब फोनवर म्हणाले, एवढं नीट पार पाड, मग तुझी पर्मनंटची ऑर्डर. कधीपासून ऐकतोय. वाशिंदच्या मुलीकडचे तेवढ्यासाठीच थांबलेत.

बुध. १४
बॉयलरचे नाना टेबलाशी येऊन बसले. हलेचनात. "तीन तिगाडा, काम बिगाडा. बॉयलरला तीन नको रे. पोरं आत जायला बघत नायत." गेल्या साली तिथेच एकाचा हात भाजला, तेव्हापासून नानांचं सगळं नारळ-लिंबावर. कंटाळलो. अदलाबदल केली. बॉयलर ४, स्टोअर ३. एकदा दिलेला आकडा दुसऱ्या कामाला द्यायचा नसतो, माहीत होतं. पण दोन दिवसांत कोण बघतंय... टोकनं नव्याने भरली. स्टोअरचा दिनेश रजेवर, त्याचं राहिलं.

सोम. १९
दिनेश आला. जुन्या टोकनमध्ये ४. सॉफ्टवेअरने त्याला बॉयलरचा माणूस धरलं. सकाळी पडद्यावर येईल त्याच्यावर सही ठोकायची, ही त्याची रोजची सवय. आज बॉयलर पेटवायची परवानगी आली, तीही देऊन टाकली. नानांनी पाणी तपासायच्या आधीच बॉयलर पेटला. पाणी पार खाली, फुटलाच असता. नाना धावत गेले, बंद केला. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. मला अजून जेवण जात नाही.

मंगळ. २०
साहेबांचा फोन. आकडा कुणी बदलला, कशासाठी, उद्या चारपर्यंत लेखी पाहिजे. दिनेशचं टोकन रद्द केलं. ३ आणि ४ कायमचे बाद, बॉयलरला ५. रात्री जेवताना आई, "ऑर्डरचं काय झालं रे?" डोकं दुखतंय म्हणालो.

बुध. २१
दुपारी नाना डबा घेऊन आले. भाकरी, सुका जवळा. अर्धी मोडून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "माझं नाव टाक. नानाने जबरदस्ती केली, असं लिव. मला दिवाळीनंतर घरीच बसायचंय. तुझं लगीन अडायला नको."

तसं लिहिलं तर त्यांना दिवाळीपर्यंत ठेवणार नाहीत. त्यांना ठाऊक नाही, मला आहे.

नको म्हणायला हवं होतं. भाकरी खाल्ली.

चार वाजत आले.